ड्रॅगन छपरावर, ड्रॅगन पायाखाली

पाऊस पॅरिसमध्ये पडतो आणि बीजिंगमध्येही. पाणी भिंतींवर न ओघळता लांब फेकलं जावं, ही दोन्हीकडच्या गवंड्यांची गरज सारखीच. नोत्र-दाम कॅथीड्रलच्या पाथरवटांनी त्यासाठी दगडात अक्राळविक्राळ प्राणी कोरले, त्यांच्या नरड्यातून पन्हळ काढली आणि त्यांना भिंतीबाहेर माना ताणून बसवलं. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे सम्राटाच्या राजवाड्यात, मुख्य दालनं ज्या तीन टप्प्यांच्या संगमरवरी जोत्यावर उभी आहेत, त्याच्या कडांना हजाराहून जास्त ड्रॅगनमुखं आहेत. मुसळधार पावसात ती सगळी एकदम पाणी ओकायला लागतात.

काम एकच, पण मनातला ड्रॅगन पार वेगळा. युरोपातला ड्रॅगन म्हणजे पाप आणि सैतान. त्याला देवळाच्या आत थारा नाही, म्हणून तो बाहेर लटकतो आणि शिक्षा म्हणून घाण पाणी उपसतो. फ्रान्समधल्या रूआँ शहराची दंतकथा तर सांगते, की ७व्या शतकात संत रोमाँ यांनी गारगुई नावाच्या ड्रॅगनला वश करून जाळलं, पण त्याचं मुंडकं काही केल्या जळेना. शेवटी ते गावाच्या भिंतीवर टांगलं गेलं, आणि तेव्हापासून चर्चच्या भिंतींवर पाणी ओकणारी मुंडकी आली. चीनमधला ड्रॅगन मात्र पाण्याचा धनी. पाऊस तोच देतो, नद्या त्याच्याच आणि सम्राटाच्या अंगरख्यावरही तोच. त्याच्या तोंडून पाणी पडणं हा त्याचा मान.

जाता जाता नोत्र-दामबद्दल एक खुलासा. कठड्यावर गालाला हात लावून पॅरिसकडे बघत बसलेला शिंगवाला राक्षस पोस्टकार्डांवर सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो मध्ययुगातला नाही. १८४०च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या डागडुजीत व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने ती सगळी मंडळी नव्याने बसवली. ती पाणीही ओकत नाहीत, नुसती शोभेची आहेत.

आणि युरोपात ड्रॅगन सगळीकडेच वैरी होता असंही नाही. नॉर्वेत बोर्गुंड गावी १२व्या शतकाच्या अखेरीचं एक लाकडी चर्च आहे. त्याच्या उतरत्या छपरांच्या टोकांवर क्रूस आहेत आणि ड्रॅगनची मुंडकीही आहेत. देव नवा आला, पण राखणदार जुनाच ठेवला. मला हे चर्च फार आवडतं, कारण माणसं धर्म बदलतानाही घराची राखण कशी सोडत नाहीत, हे तिथे उघड्यावर दिसतं.

आगीला धाक

चिनी इमारत लाकडाची, म्हणून तिचा खरा शत्रू आग. छपराकडे नीट पाहिलं की ही भीती ठिकठिकाणी दिसते.

आढ्याच्या दोन्ही टोकांना जबडा वासून आढं गिळणारा एक प्राणी असतो. तो चिवेन, ड्रॅगनचा मुलगा. तो पाणी उडवतो, पाऊस पाडतो, आग विझवतो, अशी समजूत. निषिद्ध नगरीतल्या ताइहे या सर्वांत मोठ्या दालनावरचे चिवेन माणसाच्या जवळपास दुप्पट उंच आहेत. त्यांच्या पाठीत तलवारीची मूठ खुपसलेली दिसते. का? तर हा गडी उडून जाऊ नये म्हणून त्याला छपराला खिळून ठेवलंय.

छपराच्या कोपऱ्यांवर उतरत जाणाऱ्या कण्यावर छोट्या आकृत्यांची रांग असते. सर्वांत पुढे पक्ष्यावर बसलेला माणूस, त्याच्यामागे ड्रॅगन, फिनिक्स, सिंह, घोडा अशी फौज. प्राण्यांचा आकडा विषम, आणि इमारतीचा मान जितका मोठा तितकी फौज लांब, पण नऊच्या पुढे नाही. याला अपवाद एकच, ते ताइहे दालन. तिथे दहा प्राणी आहेत. दहावा वानरतोंडी, पंखवाला, हातात वज्र धरलेला. या फौजेला एक साधं कामही आहे. उतारावरची कौलं घसरू नयेत म्हणून ठोकलेल्या खिळ्यांची डोकी या आकृत्यांखाली झाकली जातात, म्हणजे पाणी आत मुरत नाही.

राजवाड्याची कौलं पिवळी, कारण पिवळा सम्राटाचा रंग. पण चियानलोंग सम्राटाने १७७६ मध्ये बांधून घेतलेल्या वेनयुआन ग्रंथालयाची कौलं काळी आहेत. पंचतत्त्वांच्या हिशेबात काळा रंग पाण्याचा. खाली हजारो पोथ्या, म्हणून डोक्यावर पाणी.

एवढं करूनही आग लागायचीच. योंगले सम्राटाची ही नगरी १४२० मध्ये बांधून झाली, थाटात प्रवेश झाला आणि १४२१ मध्ये काही महिन्यांतच विजेमुळे लागलेल्या आगीत तिन्ही मुख्य दालनं भस्मसात झाली. आज दिसतं ते ताइहे दालन १७व्या शतकाच्या अखेरीचं. अंगणातल्या मोठाल्या धातूच्या रांजणांत विझवायला पाणी भरलेलं असायचं, आणि ते गोठू नये म्हणून हिवाळ्यात त्यांच्याखाली विस्तव ठेवत. ड्रॅगनवर श्रद्धा होती, पण रांजणही भरलेले होते.

दगड मेलेल्यांचा, लाकूड जित्यांचं

पर्यटक नेहमी विचारतात, की रोममध्ये दोन हजार वर्षांची दगडी बांधकामं आहेत, मग चीनमध्ये का नाहीत? त्यांना दगडकाम येत नव्हतं का?

चांगलं येत होतं. हेबेई प्रांतातला चाओचौचा दगडी पूल ली चुन याने इसवी सन ६०५च्या सुमारास बांधला. त्याची एकच कमान ३७ मीटरची आहे आणि तो पूल आजही उभा आहे. त्याच्याही आधी, हान काळात, विटांच्या आणि दगडांच्या कमानी बांधत होते, पण त्या जमिनीखाली, थडग्यांमध्ये. गोम इथेच आहे. दगड आणि वीट ही मेलेल्यांच्या घराची सामग्री. जित्या माणसाने लाकडात राहावं, कारण लाकूड वाढतं, त्यात जीव असतो. घर आपल्यासारखंच म्हातारं होणार, मग त्याची डागडुजी होणार, नातवंडं ते पुन्हा उभं करणार, हे धरूनच सगळं बांधलेलं. टिकायला हवी ती पद्धत. म्हणूनच ११०३ मध्ये सोंग दरबाराने ‘यिंगझाओ फाशी’ हा बांधकामाचा ग्रंथ काढला. ली जिए याने लिहिलेल्या या ग्रंथात इमारतीच्या दर्जाप्रमाणे लाकडाची आठ मापं ठरवून दिली आहेत. एकदा माप ठरलं की खांबापासून वळचणीपर्यंत सगळं त्याच हिशेबाने निघतं. जळालं? मापं आहेतच, पुन्हा उभं करा.

बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनचं तसंच झालं. निळ्या कौलांच्या तीन छपरांचं, ३८ मीटर उंच ते गोल मंदिर १८८९ मध्ये विजेने जळालं आणि १८९६ पर्यंत होतं तसं पुन्हा उभं राहिलं. ते नवं आहे की जुनं, हा प्रश्न तिथल्या माणसाला पडत नाही.

ग्रीकांची सुरुवातही लाकडातच झाली होती. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो, की डोरिक देवळाच्या माथ्यावरची ती उभ्या खाचांची पट्टी म्हणजे जुन्या लाकडी तुळयांच्या टोकांची दगडी नक्कल आहे. ऑलिम्पियाच्या हेरा देवीच्या देवळात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी गेला, तेव्हा सगळ्या दगडी खांबांत एक खांब अजून ओकच्या लाकडाचा होता. जुना खांब कुजेल तसा एकेक बदलत गेले असावेत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे ग्रीसने लाकडाचा आकार ठेवला आणि लाकूड सोडलं, तर चीनने लाकूड सोडलंच नाही.

पश्चिमेत नेमकी तीच वस्तू जपण्याचा ध्यास किती खोल आहे, हे शार्त्रच्या गोष्टीत दिसतं. शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये मेरीचं म्हणून एक वस्त्र ठेवलेलं होतं. जून ११९४ मध्ये चर्च जळालं, वस्त्रही गेलं असं समजून गावात रडारड झाली. तीन दिवसांनी तळघरातून वस्त्र सुखरूप बाहेर आलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला, की माउलीला जुनं घर नको होतं, मोठं हवं होतं. मग पैसा आला, गाड्या भरभरून दगड आला आणि पुढच्या सुमारे तीस वर्षांत आज दिसतं ते कॅथीड्रल बरंचसं उभं राहिलं. त्या काळाच्या मानाने हा विलक्षण वेग. जर्मनीतल्या कोलोनचं कॅथीड्रल १२४८ मध्ये सुरू झालं आणि पुरं झालं १८८० मध्ये, म्हणजे ६३२ वर्षांनी. आपण घातलेल्या पायावर कळस चढलेला आपण पाहणार नाही, हे पहिल्या गवंड्याला पक्कं ठाऊक असणार.

तुळईवरची शाई

या सगळ्या विषयात माझी सर्वांत लाडकी गोष्ट आहे १९३७च्या उन्हाळ्यातली.

चीनमध्ये तांग काळातली एकही लाकडी इमारत उरलेली नाही, पाहायची तर जपानमध्ये नाराला जा, असं जपानी अभ्यासक तेव्हा म्हणत. लियांग सिचंग आणि लिन हुइयिन या वास्तुतज्ज्ञ नवरा-बायकोला ते पटत नव्हतं. दुनहुआंगच्या गुहेतल्या एका भित्तिचित्रात वुताई डोंगराचा नकाशा आहे आणि त्यात फोग्वांग नावाचं देऊळ काढलेलं आहे. तेवढ्या धाग्यावरून ते दोघं सहकाऱ्यांबरोबर खेचरांवरून त्या डोंगरात पोचले. देऊळ होतं. छपराखालच्या अंधारात हजारो वटवाघळं, जाड धुळीचा थर आणि ढेकूण. नाकाला फडकी बांधून ते तासन्‌तास तिथे मापं घेत राहिले. छप्पर पेलणाऱ्या लाकडी हस्तांची घडण तांग काळातली वाटत होती, पण पुरावा नव्हता.

मग लिन हुइयिन यांना खालून एका तुळईवर शाईच्या फिकट खुणा दिसल्या. त्यांची लांबची नजर तेज होती, इतरांना काहीच दिसत नव्हतं. मचाण बांधलं, चादरी फाडून ओल्या केल्या आणि तुळई पुसायला घेतली. ओली असताना अक्षरं उमटायची, वाळली की पुन्हा दिसेनाशी व्हायची. असं करत करत एक नाव वाचता आलं, ते होतं निंग गोंगयू. एक बाई. दालनाला देणगी देणारी. तेच नाव बाहेरच्या दगडी स्तंभावर निघालं आणि तिथे साल होतं, ८५७. दालनाच्या कोपऱ्यात एका साध्या स्त्रीची बसलेली मूर्ती होती. भिक्षू सांगत, ही सम्राज्ञी वू. ती निंग गोंगयूच होती, आपल्या पैशाने उभ्या राहिलेल्या देवळात एका बाजूला बसलेली.

हे दालन ८५७ मध्ये उभं राहिलं, कारण ८४५ मध्ये झालेल्या बौद्धांच्या राजकीय छळात आधीचं देऊळ पाडलं गेलं होतं. याहून जुनं, ७८२ सालचं नानचान देऊळ पुढे १९५० च्या दशकात सापडलं. फोग्वांगच्या शोधाचा आनंद मात्र फार टिकला नाही. ७ जुलै १९३७ ला मार्को पोलो पुलावर जपानशी युद्धाची ठिणगी पडली.

ज्या लिन हुइयिन यांच्या नजरेने हे सगळं उलगडलं, त्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९२०च्या दशकात मुलगी म्हणून वास्तुकलेच्या विभागात प्रवेश दिला नव्हता. त्यांना चित्र-शिल्प विभागात नाव घालावं लागलं. वास्तुकलेची पदवी त्याच विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर दिली, २०२४ मध्ये. उशिरा का होईना, पण दिली हे फार बरं झालं.

नऊचा पाढा

आकड्यांची मजा पटापट सांगतो. नऊ हा सर्वांत मोठा विषम अंक, म्हणून सम्राटाचा. राजवाड्याच्या दारांवर ९ गुणिले ९ असे ८१ गोल खिळे असतात. पूर्वेच्या दोंगहुआ दरवाजावर मात्र ७२ आहेत, सम अंक, आणि सम्राटांची शवपेटी याच वाटेने नेत असं सांगतात. निषिद्ध नगरीत ९,९९९ आणि अर्धी अशा खोल्या आहेत, कारण स्वर्गात १०,००० आहेत आणि पृथ्वीवरच्या राजाने बरोबरी करायची नाही, अशी लोककथा आहे. प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा सुमारे ८,७०० निघाल्या.

टेंपल ऑफ हेवनच्या आवारातला गोल चौथरा १५३० सालचा. वरच्या टप्प्यावर मधोमध एक शिळा, तिच्याभोवती ९ फरशा, मग १८, मग २७, असं नवव्या वर्तुळात ८१ पर्यंत. खालच्या दोन टप्प्यांवर पाढा पुढे चालूच राहतो, थेट २४३ पर्यंत. त्याच आवारातल्या त्या गोल मंदिरात मधले चार खांब ऋतूंचे, भोवतीचे बारा महिन्यांचे आणि बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे. जुन्या हिशेबात चिनी दिवस बारा प्रहरांचा असे.

पश्चिमेकडे आठचा मान मोठा. सृष्टी घडवण्याचा आठवडा सात दिवसांचा, आठवा दिवस पुनरुत्थानाचा, म्हणून बाप्तिस्मा देण्याच्या जुन्या इमारती अष्टकोनी असतात. फ्लॉरेन्सची बाप्तिस्म्याची इमारत तशीच आहे.

उंचीचंही गणित आहे. बोव्हेच्या कॅथीड्रलने ४८ मीटर उंच छत केलं आणि १२८४ मध्ये त्याचा भाग कोसळला. पुढे १५३ मीटरचा मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये पडला. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाची उंची मात्र अंतोनी गौदी यांनी १७२.५ मीटर ठरवली, कारण माणसाचं काम जवळच्या मोंजुइक टेकडीपेक्षा, म्हणजे देवाच्या कामापेक्षा, उंच होऊ नये.

उंबऱ्याशी

बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घराला सिहेयुआन म्हणतात. आपल्या चौसोपी वाड्यासारखाच मधे चौक, चारही बाजूंनी खोल्या आणि बाहेर कोरी भिंत. थोरल्यांची खोली उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून. उत्तरेचा गार वारा पाठीवर आणि हिवाळ्याचं ऊन अंगावर. फेंगशुईचे कित्येक नियम असे हवामानातून आलेले आहेत. दार मात्र मधोमध नसतं, ते आग्नेय कोपऱ्यात. मधोमध दार काढण्याचा मान राजवाड्याचा आणि देवळाचा.

दारातून आत गेलं की समोर भिंत. भुतं सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून ही आडवी भिंत. तिच्यामुळे वारा अडतो आणि रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही, हा फायदा वेगळा. दारावर दोन सेनापतींची चित्रं असतात, चिन शुबाओ आणि युची गोंग. तांग सम्राट ताइझोंगला रात्री भुतांनी छळलं, तेव्हा हे दोघे दाराशी पहाऱ्याला उभे राहिले. त्यांना रोज जागवायचं कसं, म्हणून सम्राटाने त्यांची चित्रं लावली, अशी कथा आहे.

मिंग काळात कायदा होता, की सामान्य माणसाच्या इमारतीला तीन खणांपेक्षा जास्त रुंदी नको, लाकडी हस्त नकोत, रंगकाम नको. ऐपत असेल तर दहा-वीस इमारती बांधा, पण प्रत्येक तीनच खणांची. श्रीमंतांनी चौकामागे चौक वाढवत नेले. घर रुंद किंवा उंच होण्याऐवजी खोल होत गेलं, ते त्यामुळे.

सुतारांचा देव लू बान. त्याच्या नावाची मोजपट्टी आजही हाँगकाँग-तैवानच्या दुकानांत मिळते. दिसायला साधा टेप, पण सेंटिमीटरच्या जोडीला त्यावर लाल आणि काळी अक्षरं असतात. सुमारे ४३ सेंटिमीटरचा एक फेरा, त्याचे आठ भाग. धन, आजार, ताटातूट, सचोटी, सरकारी पद, लूट, हानी आणि आठवा पुन्हा शुभ. दाराचं माप घेताना टोक लाल अक्षरावर यायला हवं. काळ्यावर आलं, तर सुतार दोन-चार सेंटिमीटर कमी-जास्त करतो. लू बानच्या नावाच्या मिंगकालीन पोथीत सुतारांचे तोडगेही आहेत. घरमालकाने मजुरी बुडवली किंवा वाईट वागवलं, तर तुळईत फुटका वाडगा आणि एक चॉपस्टिक लपवायची, म्हणजे त्याची नातवंडं भीक मागतील. मालक चांगला निघाला, तर छोटी नाव ठेवायची, टोक घराच्या आत करून, म्हणजे पैसा आत येतो. सुताराला चहा वेळेवर मिळावा, याची ही पक्की सोय होती.

इंग्लंडमध्ये याच भीतीने वेगळं रूप घेतलं. जुन्या घरांच्या धुराड्यांत, भिंतींत, जमिनीखाली वापरलेला एकेकटा बूट लपवलेला सापडतो. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयाने अशा बुटांची नोंदवहीच ठेवली आहे, आणि त्यात लहान मुलांचे बूट पुष्कळ आहेत. दाराला कडी लावता येते, पण धुराडं कायम उघडं, आणि वाईट शक्ती तिथून येते, म्हणून हा पहारा असावा. केंट परगण्यातल्या नोल हाउस या वाड्यात पहिल्या जेम्स राजासाठी खोली सजवताना, १६०६च्या सुमारास, सुतारांनी शेकोटीभोवतीच्या तुळयांवर चेटूक रोखणाऱ्या खुणा कोरल्या. राजाला मारण्याचा गनपावडर कट नुकताच उघडकीला आला होता, सगळं इंग्लंड धास्तावलेलं होतं. २०१४ मध्ये फळ्या उचलल्यावर त्या खुणा पुढे आल्या.

आढं चढवण्याचा दिवस दोन्हीकडे सणाचा. चीनमध्ये आढ्याला लाल कापड बांधतात, वरून गोडधोड फेकतात. जर्मनीत छपराच्या सांगाड्यावर झाड किंवा हिरवा झेला बांधतात, सुतार वर उभा राहून घराला शुभेच्छा देतो, पेला रिकामा करतो आणि खाली फेकतो. तो फुटला की शुभ.

देवाचा पत्ता

चीनमध्ये बुद्धाचं दालन आणि सम्राटाचं दालन यांचा साचा एकच. जोतं, खांब, वळचण, सगळं तेच, फरक मानाचा. कित्येक मठ तर लोकांनी दान दिलेल्या वाड्यांतच सुरू झाले. देव माणसाच्याच घरात राहायला आला.

ग्रीकांचा देव देवळात एकटा राहायचा. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये अथीना देवीची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती, पण लोकांचे यज्ञ आणि बळी बाहेर, उघड्यावर. म्हणून ते देऊळ बाहेरून पाहण्यासाठीच घडवलं. त्याचं जोतंसुद्धा मधे किंचित फुगीर आहे, नाहीतर लांबून ते बसल्यासारखं दिसलं असतं.

ख्रिस्ती धर्माने लोकांना आत घेतलं, आणि मग आत उजेड कसा आणायचा हा प्रश्न आला. पॅरिसजवळच्या सें-दनीच्या मठाधिपती सुजे यांच्या मते उजेड म्हणजेच देवाची खूण. ११४४ मध्ये त्यांनी गाभाऱ्यामागचा भाग रंगीत काचांनी उजळून टाकला आणि गॉथिक शैलीचा जन्म झाला. दगडी छताचा रेटा बाहेरच्या कमानींवर ढकलला, म्हणून काचेला जागा मिळाली. यांत्रिक युक्ती आणि श्रद्धा इतक्या घट्ट विणलेल्या दुसरीकडे क्वचितच दिसतात.

रोमचं पँथेऑन तर माथ्यावर उघडंच आहे. ४३.३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, फरशीपासून उंचीही तेवढीच, आणि मधोमध मोठं गोल भोक. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या भोकांतून निघून जातो. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, म्हणूनच ते वाचलं. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या दिवशी अग्निशामक दलाचे जवान घुमटावर चढून त्या भोकातून गुलाबाच्या लाल पाकळ्या आत सोडतात.

नक्कल करताना

एकमेकांची नक्कल केली, तेव्हा खरी गंमत झाली. लंडनच्या क्यू बागेत विल्यम चेंबर्स यांनी १७६२ मध्ये पॅगोडा बांधला. चेंबर्स स्वतः कँटनला जाऊन आले होते, तरी त्यांनी मजले केले दहा. चिनी पॅगोडाचे मजले विषम असतात. छपरांच्या कोपऱ्यांवर ८० लाकडी ड्रॅगन होते. ते १७८४ मध्ये काढले गेले आणि २०१८ मध्ये नवे बसवले.

तिकडे चियानलोंग सम्राटाने बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन बागेत जेझुइट धर्मगुरूंकडून युरोपीय महाल आणि कारंजी करवून घेतली. युरोपात अशा कारंज्यांवर उघडे पुतळे असायचे, ते इथे चालणार नव्हते. त्यांच्याऐवजी बारा राशींचे प्राणी आले. प्रत्येक जण आपापल्या प्रहराला पाणी उडवायचा आणि भर दुपारी सगळे एकदम. १८६०च्या लुटीत ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने ते सगळं उद्ध्वस्त केलं.

पण दोन्ही जगं एका भिंतीवर भेटली ती मकावमध्ये. मकावचं पोर्तुगीज प्रशासन १८४४ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होतं आणि १५७६ मध्ये निर्माण झालेलं तिथलं बिशपचं पदही गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत. तिथल्या सेंट पॉल चर्चची दगडी दर्शनी भिंत १७व्या शतकात चिनी कारागिरांनी आणि जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिश्चनांनी घडवली. तिच्यावर चिनी सिंह आहेत, शेवंतीची फुलं आहेत आणि सात डोक्यांच्या प्राण्यावर पाय रोवून उभी मेरी आहे. शेजारी चिनी लिपीत कोरलंय, की पवित्र माता ड्रॅगनचं डोकं तुडवते आहे. छिन्नी हातात असलेल्यांपैकी कित्येकांच्या गावी पाऊस पाडणारा ड्रॅगन देवळाच्या आढ्यावर बसलेला होता. त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. १८३५च्या वादळात लागलेल्या आगीत चर्चचा लाकडी भाग जळून गेला, भिंत राहिली.

पॅगोडाचं माहेर

चिनी म्हणून जगाला ठाऊक असलेला पॅगोडा मुळात आपल्याकडच्या स्तूपाचा वंशज. तो तिकडे जाऊन उंच मनोरा झाला. हेनान प्रांतातला विटांचा सोंग्युए पॅगोडा ५२३ सालचा, तर यिंगशियानचा लाकडी १०५६ सालचा, ६७ मीटर उंच, आणि तो लोखंडी खिळ्याशिवाय नुसत्या सांध्यांवर उभा आहे. शिआनचा मोठा पॅगोडा ६५२ मध्ये बांधला गेला तो चिनी भिक्षू युआन श्वांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला. हाच युआन श्वांग त्याआधी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि इथल्या मानी, लढवय्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. लोयांगच्या श्वेताश्व मठात सांचीच्या धर्तीवर बांधलेलं भारतीय देऊळ आहे. त्याचं उद्घाटन मे २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती, जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी केलं.

दुनहुआंगच्या जुन्या गुहांत मधोमध चौकोनी खांब असतो. तो म्हणजे चिनी रूप घेतलेला चैत्यगृहातला स्तूप, त्याला प्रदक्षिणा घालायची. त्याच्यापुढच्या छताला मात्र चिनी घरासारखा दुपाखी उतार कोरलेला आहे. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातही कोरणाऱ्यांनी डोंगर पोखरून लाकडी छपराचा आकार काढला, आणि तेवढ्याने मन भरलं नाही म्हणून त्या दगडी कमानीला आतून खऱ्या सागवानी फासळ्या बसवल्या. छप्पर पेलायला त्यांचा काडीचा उपयोग नाही, दगड स्वतःच उभा आहे. त्या फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री जवळपास दोन हजार वर्षांची आहे. शेजारच्या एकवीरेच्या दर्शनाला जाणारी हजारो माणसं या दारावरून रोज पुढे जातात. पुढच्या वेळी गेलात, तर दहा मिनिटं आत थांबा आणि मान वर करून ते लाकूड नीट पाहून या.